नायक रागीट असू दे, पण मोबाइलचे पैसे कोण देणार?

अक्का, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजसाठी रोज बेळगावला बसने ये-जा असते. त्या प्रवासात मोबाइलवर इंग्रजी स्पोर्ट्स रोमान्स वाचायची सवय लागली, त्यातही आइस हॉकीवाल्या कादंबऱ्यांची. वाचून वाचून मीही एका ॲपवर मराठीत कादंबरी सुरू केली. नायक रणवीर, चंदगडचा, कबड्डीत चढाईला वाघ, रागीट, कमी बोलणारा. नायिका सई, बेळगावच्या कॉलेजातली. आधी कबड्डी खेळायची, गुडघा दुखावला म्हणून सोडलं. चौदा भाग झालेत. अकराव्या भागात सईला मेसेज करणाऱ्या पोराचा मोबाइल रणवीर दगडावर आपटतो. त्या भागाला सगळ्यांत जास्त प्रतिक्रिया आल्या. पण माझी एक मैत्रीण स्वतः कबड्डी खेळते, तिने तिथेच वाचायचं सोडलं. म्हणाली, “तुझ्या हीरोच्या लेखी बाई म्हणजे सामान आहे. आणि तुझी हिरॉइन खेळत का नाही?” मला रागच आला. नायकाला दोषच नसले तर तो माणूस कसला? असे नायक आवडणं चूक आहे का? रणवीरला शहाणा केला तर वाचणार कोण? शेवट ठरलाय : फायनल जिंकल्यावर तो माइक घेऊन सगळ्यांसमोर तिची माफी मागतो आणि लग्नाची मागणी घालतो. पुढची कादंबरी कोच आणि खेळाडूची आहे. काय करू?

– घरी न सांगता लिहिणारी

प्रिय लेखिके,

असे नायक आवडणं चूक नाही. आवडू देत. मैदानात आग आणि एका मुलीपुढे लोणी, हा पुरुष बायकांनीच बायकांसाठी घडवलाय. या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बहुतेक बायका आणि वाचणाऱ्याही बहुतेक बायकाच. ज्या घरात नवरा जेवणाच्या ताटावरून मान वर करत नाही, त्या घरातल्या बाईला सगळं स्टेडियम सोडून एकटीकडे टक लावून बघणारा कॅप्टन आवडला, तर त्यात नवल कसलं? आणि हे काही अमेरिकेतून परवा आलेलं खूळ नाही. आपल्या आजीच्या पिढीतल्या मराठी कादंबरीतही टेनिसची रॅकेट फिरवत येणारा उंच-गोरा नायक होताच. नायिका तेव्हाही कोर्टच्या कडेलाच उभी असायची.

तुझे चौदाही भाग वाचले. चढाया तू फर्मास लिहितेस. मैदानातली ‘निदान रेषा’ ओलांडताना रणवीरचा पाय हवेत थांबतो ते वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा तुझ्या मैत्रिणीची बाजू घेतेय म्हणून तुझ्या लिखाणावर रुसलेय असं समजू नकोस.

तिच्या बोलण्यात दोन तक्रारी आहेत आणि तू फक्त पहिलीवर भडकलीस. रणवीरमध्ये दोष आहेत, ही तिची तक्रारच नाही मुळी. दोष हवेतच. रणवीर बायकांना कमी लेखतो, हा रणवीरचा दोष. त्याने कमी लेखलेलं कादंबरीत कुणालाच लागत नाही, हा कादंबरीचा दोष. पहिला ठेव, दुसरा काढ.

अकरावा भागच घेऊ. कॉलेजच्या गेटबाहेर उसाच्या रसाचा गाडा. रणवीर येतो, त्या पोराच्या हातातून मोबाइल हिसकावतो, रस्त्याकडेच्या दगडावर आपटतो आणि सईला म्हणतो, “बस गाडीवर.” सई बसते. भाग संपतो. लगेच बारावा भाग रणवीरच्या तोंडून. त्याला झोप येत नाही. लहानपणी आई घर सोडून गेली, तेव्हापासून आपलं माणूस हातचं जाईल ही धास्ती. वाचणाऱ्याचं काळीज पाघळतं. तुझ्या प्रतिक्रियांमधल्या निम्म्या बायका तर त्याला पोटाशी धरायला निघाल्यात.

तू ज्या कादंबऱ्या वाचतेस त्यांचा हा हातखंडा प्रयोग आहे. एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या. दोघंही ‘मी’ म्हणून बोलणार. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचकाला आतून कळतं, त्यामुळे त्याने हुकूम सोडला तरी तो जिव्हाळा वाटतो. पण सईने बारावा भाग कुठे वाचलाय? तिच्यापुढे आहे तो फुटलेला मोबाइल, गाडीवर बसलेला एक संतापलेला माणूस आणि “बस” एवढा एकच शब्द. त्या क्षणी तिच्या पोटात गोळा यायला हवा. निदान “कुठे जायचंय?” एवढं तरी तिने विचारायला हवं. तू तिला घाबरू दिलं नाहीस, कारण तुला बारावा भाग माहीत होता. बस स्टँडवर तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या एखादीला असा कुणी भेटला, तर त्याचा बारावा भाग तिला कोण वाचायला देणार आहे?

आता त्या पोराकडे ये. त्याला तू नावसुद्धा दिलेलं नाहीस. त्याने केलं काय, तर नोट्स मागितल्या आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. मोबाइल हप्त्यावर घेतलेला असणार. घरी जाऊन त्याने वडिलांना काय सांगितलं? पोलिसात गेला का? रणवीरच्या संघाच्या कानावर आलं का? कबड्डीत पंचाने पिवळं कार्ड दाखवलं की दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं. तुझ्या त्या आइस हॉकीत, जिथे हाणामारी हा खेळाचाच भाग आहे असं सगळे धरून चालतात, तिथेही मुष्टियुद्ध केलं की पाच मिनिटं शिक्षेच्या पेटीत जाऊन बसायचं. मैदानाबाहेर पंच नसतो. ते काम लेखिकेचं. रणवीरला दोन मिनिटंसुद्धा बाहेर बसवलं नाहीस तू. उलट बाराव्या भागात त्याला उशी दिलीस.

अजून एक पाहा. आजकालच्या या कादंबऱ्यांमध्ये एक गोष्ट खरोखर चांगली आली आहे : खोलीचं दार लागलं की नायक विचारतो. चालेल का, थांबू का, नको असेल तर सांग. आपल्या सिनेमांनी हे आपल्याला कधी शिकवलं नाही, आणि तूही सातव्या भागात ते छान लिहिलंयस. पण तोच बाबा खोलीबाहेर पडला की काही म्हणजे काही विचारत नाही. तिने कुणाच्या गाडीवरून यायचं ते तो ठरवतो. तिची कॉलेजची फी तिला न सांगता परस्पर भरून टाकतो. नवव्या भागात तर तिचं व्हॉट्सॲप स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून ठेवतो, आणि तू त्याच्या खाली “काळजी” असं लिहून मोकळी होतेस. पूर्वी भारतीय दंड संहितेत २०१३ साली घातलेलं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये असलेलं एक वाक्य आहे : एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा अशाच इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं. पाठलागाच्या गुन्ह्यात ते मोडतं. कादंबरीत गुन्हे होऊ नयेत असं मी म्हणत नाही, खून नसते तर निम्म्या कादंबऱ्या छापल्याच गेल्या नसत्या. पण खुनाला लेखिका खून म्हणते.

तन्वीबद्दल मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. लिपस्टिक लावून सामन्याला येणारी, खेळाडूंबरोबर सेल्फी काढणारी तन्वी. तिकडच्या कादंबऱ्यांमध्ये हॉकीपटूंच्या मागे लागणाऱ्या मुलींना ‘पक बनी’ म्हणून हिणवतात, तीच ही, फक्त खडेबाजारातून ड्रेस घेतलेली. तिने नक्की काय वाईट केलं ते मी शोधलं. पैसे खर्चून आली, टाळ्या वाजवल्या, फोटो मागितला. रणवीर आधी तिच्याबरोबर फिरला होता, हे तूच लिहिलंयस. म्हणजे दोघांनी एकच गोष्ट केली. त्याचा तो ‘अनुभव’ झाला, तिचं मात्र ‘चारित्र्य’ निघालं. आणि हे सगळं कशासाठी, तर सईने आरशापुढे उभं राहून “मी तसली नाही” म्हणावं यासाठी. नायिकेला उंच दाखवायला दुसऱ्या पोरीला खड्ड्यात उभं करायची गरज पडली की समजायचं, नायिकेत दम नाही. पुढच्या एखाद्या भागात तन्वीला एक पानभर बोलू दे. रणवीर कसा वागतो हे सईच्या आधी तिला कळलेलं आहे. सईला सावध करायचा हक्क सगळ्यांत आधी तिचा आहे.

आता सई. तुझ्या सगळ्या कादंबरीत तिचा दोष कोणता, तर ती धांदरट आहे. दोनदा रणवीरच्या अंगावर कॉफी सांडते. (बेळगावात, कॉलेजच्या कँटीनमध्ये? चहा तरी सांड.) त्याचे दोष दुसऱ्यांना महागात पडतात आणि त्याला माफी मिळते. तिच्या दोषाने कुणाचं शर्टापलीकडे काही बिघडत नाही, म्हणून ती गोड. यालाच तुझी मैत्रीण नाक मुरडते. सईला खरा दोष दे. तिच्या जागी जी मुलगी संघात आली तिचा सईला हेवा वाटू दे. ती मुलगी ट्रायलमध्ये पडावी असं मनातल्या मनात म्हणू दे, आणि मग ती पडली तर? घरी खोटं बोलू दे. रणवीर चुकला असताना स्वतःचं मोठेपण मिरवायला त्याला चारचौघांत बोलू दे. वाचकाला एकदा तरी सईचा राग यायला हवा.

आणि खेळ. तिसऱ्या भागात एका वाक्यात तू उरकलंयस : “गुडघ्याच्या दुखापतीने सईचं कबड्डीचं स्वप्न संपलं.” गुडघ्यातला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण, उडी मारून पटकन वळावं लागतं अशा खेळांत, मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त असतं, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा दुखापत खोटी नाही. पण ऑपरेशन झालं का? पैसे कुणी भरले? भावाच्या गुडघ्याला झालं असतं तर जे केलं असतं ते केलं का? नंतरचे महिनोन् महिने व्यायाम कुणाच्या देखरेखीखाली झाले? का घरचे म्हणाले, “बरं झालं, नाहीतरी आता स्थळं बघायचीच होती”? आपल्याकडच्या कितीतरी मुली गुडघ्यामुळे नाही, गुडघ्यावरच्या वणांमुळे खेळ सोडतात. पाहुणे बघायला येणार, साडी थोडी वर झाली तर दिसेल, म्हणून आई हळद लावत बसते. मॅट मुलांची प्रॅक्टिस आटपल्यावर मिळते, तोवर शेवटची बस निघून गेलेली असते. कपडे बदलायला आडोसा नसतो. हे तुला माझ्यापेक्षा तुझी मैत्रीण तपशिलाने सांगेल, तिला चहा पाज आणि वही घेऊन बस.

तिकडच्या आइस हॉकीच्या कादंबऱ्यांमध्ये नायिका पुष्कळदा फिगर स्केटर असते, तूही वाचल्या असशील. बर्फ एकच, पण तो भिडणार आणि ती गिरक्या घेणार. त्या कथांमध्येही रिंक कुणाला किती वाजता मिळणार यावरूनच पहिलं भांडण होतं, आणि गंमत म्हणजे ते भांडण तिथल्या खऱ्या आयुष्यातून आलेलं आहे. बायकांची आइस हॉकी १९९८ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. तरी अमेरिका आणि कॅनडातल्या सगळ्या अव्वल खेळाडू एकाच व्यावसायिक लीगमध्ये यायला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला. मधल्या काळात एक लीग बंद पडली, दुसरी गुंडाळली गेली. इतकी वर्षं बायका तो खेळ खेळत होत्या, आणि त्याच खेळावरच्या प्रेमकथांत त्या गॅलरीत नायकाच्या नावाची जर्सी घालून बसल्या होत्या. तुझी सईही दहाव्या भागात रणवीरचा नंबर पाठीवर घालते. तिचा स्वतःचा नंबर कोणता होता? तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

कबड्डीतही वेगळं काय आहे? प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि गल्लीतली पोरं टीव्हीवर दिसायला लागली. मुलींसाठी २०१६ ला तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, तो प्रयोग तिथेच थांबला. आणि भारताच्या बायकांनी काय केलं ते बघ : २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणकडून अंतिम सामना हरल्या, २०२३ ला हांगझोऊमध्ये चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत आणलं. एका गुणाने! तुझ्या रणवीरच्या चौदा भागांतल्या एकाही सामन्यात एवढा जीव टांगणीला लागत नाही.

इतकं लांब कशाला जायचं? रणवीर चंदगडहून मोटारसायकलवर येतो असं तू लिहिलंयस, त्याच रस्त्यावर तुरमुरी लागतं. तिथल्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. रणवीर चार भागांत मिळून आठ-दहा वेळा तरी त्या रस्त्याने गेलाय. एकदाही त्या गावाच्या पाटीकडे त्याची नजर जाऊ नये?

आपल्या मुलखात एक असा पेच आहे जो कुठल्याही अमेरिकन लेखिकेला सात जन्मांत सुचायचा नाही. चंदगड महाराष्ट्रात, बेळगाव कर्नाटकात. दोघं एकाच भाषेत भांडतात, एकाच गाड्यावर रस पितात, पण रणवीर निवडला गेला तर महाराष्ट्राकडून खेळणार आणि सई निवडली गेली तर कर्नाटकाकडून. तिला ट्रायलसाठी रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून बेंगळुरूला जावं लागणार. तिथे कोच सगळं कन्नडमध्ये समजावणार, आणि शाळेत मराठी माध्यमात शिकलेली आपली पोरगी शेजारणीच्या पायांकडे बघून डाव ओळखणार. भारताच्या संघातून खेळलेल्या तेजस्विनी बाई आणि ममता पूजारी याच राज्याच्या. त्यांच्या राज्याचा संघ म्हणजे काय कसाचा असणार! आणि रणवीर तिला म्हणणार, “कशाला जातीस तिकडं? मी आहे की.” आता कळलं तुला त्याचा दोष कुठे दाखवायचा? मोबाइल फोडण्यापेक्षा हे “मी आहे की” जास्त धोक्याचं आहे, कारण ते ऐकायला गोड लागतं. सीमाप्रश्नावर मात्र भाषण घालू नकोस, ते आपल्याकडे नोव्हेंबरात भरपूर होतं.

रणवीरचा मामा त्याला सांगतो, “गडी लंगोटाचा पक्का पाहिजे, बाईच्या नादानं खेळ जातो.” आखाड्यातलं हे जुनं वचन तू आठव्या भागात सहज टाकून पुढे गेलीस. थांब जरा तिथे. आपल्याकडच्या तालमीत बाई म्हणजे पैलवानाचं नुकसान. इंग्रजी रोमान्समध्ये बाई म्हणजे पैलवानाचं औषध : ती आली आणि दारू सुटली, राग सुटला, गोल व्हायला लागले. एकीकडे विटाळ, दुसरीकडे तावीज. दोन्हीकडे हिशेब गड्याच्या खेळाचाच चाललाय, तिच्या खेळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मामाचं हे वाक्य सईच्या कानावर पडू दे. तिने मामाला उलट विचारावं, “आणि गड्याच्या नादानं पोरीचा खेळ गेला तर मामा?” मामा काय उत्तर देतो ते मला वाचायचंय. आता तर जत्रेच्या कुस्त्यांमध्ये मुलींच्याही जोड्या लागतात, मामाने त्या नक्की पाहिल्या असतील.

“शहाणा केला तर वाचणार कोण?” शहाणा करू नकोस ना! शहाणा केलास तर खरंच कुणी वाचणार नाही, मीही नाही. त्याला महाग पडू दे. मोबाइलची बातमी संघात जाते, उपांत्य फेरीला त्याला बाकावर बसवतात, संघ हरता हरता वाचतो, सहकारी बोलत नाहीत. ज्याला तो ‘कोणीतरी पोरगा’ समजत होता तो संघाच्या मॅनेजरचा भाचा निघतो, पाहिजे तर. पैसे भरायला त्याला कामाला जावं लागतं. आणि सई? ती गाडीवरून उतरते आणि दोन भाग त्याच्याशी बोलत नाही. यात प्रेम कमी झालं की ताण वाढला? या कादंबऱ्यांना शेवटाआधी एक ताटातूट लागतेच, आणि ती बहुतेक वेळा कुठल्यातरी भुक्कड गैरसमजावर उभी असते, दाराआडून अर्धं वाक्य ऐकलं वगैरे. तुझ्याकडे ताटातुटीला अस्सल कारण आयतं पडलंय आणि तू ते वापरत नाहीस.

वाचक फिदा आहेत हे खरं. पण वाचकांच्या फिदा होण्यालाही कधी कधी आवर लागतो. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे म्हणून तुला थेट दिसलं नसेल. २०२३ मध्ये तिथे सिएटल क्रॅकन या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघाच्या एका खऱ्या खेळाडूवर या कादंबऱ्यांच्या चाहत्या बायकांनी असे काही व्हिडिओ आणि शेरे टाकले की त्याच्या बायकोला जाहीरपणे हे बस करा म्हणावं लागलं, पाठोपाठ त्यालाही. संघाने आधी याच चाहत्यांच्या जोरावर स्वतःची जाहिरात करून घेतली होती. जिवंत माणूस म्हणजे आपल्या मनोरंजनाचं सामान, हा समज पुरुषांनीच करून घ्यावा असं काही नाही. तुझ्या प्रतिक्रियांमध्ये कुणी खऱ्या खेळाडूचं नाव घेऊन “हाच आमचा रणवीर” म्हणून फोटो टाकला, तर तो काढून टाक.

तो माइकचा शेवट मात्र सपशेल बदल. फायनल संपलीय, हजारो लोक शिट्ट्या मारतायत, कॅमेरे लागलेत, गावचे पाटील स्टेजवर आहेत आणि रणवीर माइकवर म्हणतो, “सई, माफ कर, माझ्याशी लग्न कर.” ती नाही कशी म्हणणार? तिचे वडील कदाचित तिसऱ्या रांगेत बसलेत. खोलीत “थांबू का?” विचारणारा माणूस इथे तिच्या तोंडातला नकार आधीच काढून घेतोय. माफी मागायचीच असेल तर जिथे तिला उठून जाता येईल अशा जागी मागू दे. तिच्या प्रॅक्टिसच्या वेळी मॅटच्या बाहेर बसू दे त्याला, तिचं आटपेपर्यंत. आणि ती म्हणाली, “आज नको, बस जाईल,” तर पुढचा भाग तयार.

पुढच्या कादंबरीविषयी एवढंच सांगते : नायक कोच नको. संघात कोण राहणार हे ज्याच्या हातात, त्याला ‘नाही’ म्हणायची किंमत खेळाडू आपल्या खेळाने मोजते. २०२३ मध्ये देशाच्या नावाजलेल्या कुस्तीपटू मुली जंतरमंतरच्या फुटपाथवर का बसल्या होत्या ते तू पाहिलंयस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांची नावं घेऊन त्यांना कामाचं ठिकाण म्हणतो, तो असाच म्हणत नाही. तो विषय लिहायचाच असेल तर प्रेमकथा म्हणून लिहू नकोस.

छापलेले चौदा भाग पुसू नकोस. वाचणाऱ्यांनी ते वाचलेत, आणि रणवीर तसा होता हे खरंच आहे. पंधरावा भाग सईच्या तोंडून सुरू कर, गाडीवर मागे बसल्यापासून. तिला काय वाटत होतं तेवढंच लिही.

एक राहिलं. तेराव्या भागात समोर पाचच बचावपटू उरलेले असताना रणवीर बोनस घेतो. बोनसला समोर निदान सहा जण लागतात. तेवढं आजच दुरुस्त कर, कबड्डी खेळणाऱ्या पोरी अशा चुकीला मोबाइल फोडण्यापेक्षाही कमी माफ करतात.

– अक्का